बालीतील पारंपरिक घर कसे पाहावे

बालीत पारंपरिक घर पाहायला जाणाऱ्याचे लक्ष बहुधा दरवाजावरच्या दगडी नक्षीत अडकते. नक्षी सुंदर असतेच, पण घर बांधताना ती सर्वांत शेवटी येते आणि साध्या शेतकऱ्याच्या घरात ती जवळजवळ नसते. घर समजून घ्यायचे असेल तर आधी दिशा, उंची, खांब आणि मोकळी जागा पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका छपराखाली सामावलेली इमारत येथे शोधू नये. भिंतीने वेढलेले आयताकृती आवार, मधोमध अंगण आणि त्याभोवती स्वतंत्र छपरांच्या लहान वास्तू, ज्यांना ‘बाले’ म्हणतात, अशी ही रचना असते. निजण्याची जागा, समारंभाची जागा, स्वयंपाकघर आणि धान्याचे कोठार वेगवेगळ्या जोत्यांवर उभे असतात, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर उघड्या आकाशाखालून जावे लागते.

आत शिरण्यापूर्वी गल्लीत उभे राहून डोंगर कोणत्या बाजूला आहे ते ठरवावे. बालीतील दिशांचा मुख्य आधार होकायंत्र नसून गुनुंग आगुंग हा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आणि त्यासह बेटाच्या मध्यभागी पसरलेली पर्वतरांग आहे. डोंगराकडची बाजू ‘काजा’ आणि समुद्राकडची ‘कलोद’. सूर्योदयाची ‘कांगिन’ आणि सूर्यास्ताची ‘काउह’. काजा आणि कांगिन या बाजू पवित्र, तर कलोद आणि काउह त्यांच्या तुलनेत कनिष्ठ मानल्या जातात. या दोन अक्षांवर आवाराचे प्रत्येकी तीन भाग कल्पिले की नऊ चौकोनांची जी मांडणी तयार होते, तिला ‘सांगा मांडाला’ म्हणतात. तिच्यात डोंगर आणि सूर्योदय जेथे एकत्र येतात तो कोपरा सर्वश्रेष्ठ ठरतो, आणि समुद्र व सूर्यास्त यांचा कोपरा सर्वांत खालचा.

दक्षिण बालीत हा श्रेष्ठ कोपरा ईशान्येला येतो, त्यामुळे वास्तुशास्त्र ठाऊक असलेल्या वाचकाला तो लगेच ओळखीचा वाटेल. मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, सिंगाराजाच्या परिसरात, डोंगर दक्षिणेला आहे. म्हणून तेथील काजा म्हणजे दक्षिण, आणि घरातील देवस्थान आग्नेयेच्या कोपऱ्यात. दोन्ही ठिकाणची घरे ओळीने पाहिली तर हा नियम किती काटेकोरपणे पाळला जातो ते चटकन ध्यानात येते. पुढील वर्णनातील दिशा मी दक्षिण बालीच्या घरांना धरून देत आहे.

प्रवेशद्वाराला ‘आंगकुल-आंगकुल’ म्हणतात. ते अरुंद असते, त्यावर स्वतःचे छोटे छप्पर असते, आणि दोन्ही बाजूंना नैवेद्यासाठी लहान कोनाडे किंवा देवळ्या असतात. पायरीवर नारळाच्या कोवळ्या पानांची फुलांनी भरलेली परडी ठेवलेली दिसेल. तिला ‘चनांग सारी’ म्हणतात आणि ती ओलांडून न जाता बाजूने जावे. दार ओलांडताच समोर एक आडवी भिंत येते, ती ‘आलिंग-आलिंग’. अनिष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात आणि त्यांना सहज वळता येत नाही, या श्रद्धेतून ती आली. शिवाय रस्त्यावरची नजर थेट अंगणात पोहोचत नाही, हा लाभही आहेच. या भिंतीला वळसा घालताना पावले आपोआप मंदावतात आणि मग अंगण एकदम समोर उघडते. हा क्षण घाईत घालवू नये.

हे अंगण म्हणजे ‘नाताह’. ते बहुधा झाडून लख्ख केलेले, फारशी झाडे नसलेले असते आणि पाहुण्याला प्रथमदर्शनी रिकामे वाटते. त्याच्या मध्यभागी उभे राहून स्वतःभोवती एक फेरी घ्यावी, कारण सगळ्या बाले या जागेकडे तोंड करून उभ्या आहेत. बालीची परंपरा घराला मानवी देहाचे रूप देते: देवस्थान हे डोके, निजण्याच्या व बसण्याच्या बाले हे हात, अंगण ही नाभी, स्वयंपाकघर आणि कोठार हे पाय. ही कल्पना मनात धरून पाहिले की जोत्यांच्या उंचीतील फरक अर्थपूर्ण वाटू लागतात. देवस्थानाची जमीन सर्वांत उंच. राहत्या वास्तूंमध्ये उत्तरेकडील बालेचे जोते सर्वांत उंच आणि स्वयंपाकघराचे सर्वांत ठेंगणे. पायऱ्या मोजल्या तरी घरातील मानाचा क्रम कळतो.

ईशान्येच्या कोपऱ्यात स्वतंत्र भिंतीआड कुटुंबाचे देवस्थान असते. सामान्य घरात त्याला ‘सांगाह’ आणि उच्चवर्णीय घरात ‘मराजान’ म्हणतात. त्यातील तीन कप्प्यांची देवळी, ‘कमूलान’, पूर्वजांशी जोडलेली असते. येथे निमंत्रणाशिवाय पाऊल ठेवू नये. निमंत्रण मिळालेच तर कमरेला लुंगीसारखे ‘कामेन’ आणि त्यावर पट्टा बांधूनच जावे, आणि मासिक पाळी चालू असलेल्या किंवा सुतकात असलेल्या व्यक्तीने बाहेर थांबावे, हा तेथील दंडक पाळावा. बाहेरूनही छपरांचा फरक पाहता येतो: राहत्या वास्तूंवर ‘आलांग-आलांग’ नावाच्या गवताची शाकारणी, तर देवळ्यांवर अनेकदा ताडवर्गीय झाडाच्या काळ्या, टिकाऊ तंतूंची, म्हणजे ‘इजुक’ची.

उत्तरेकडील ‘बाले दाजा’ किंवा ‘मेतेन’ ही घरातील एकमेव पूर्ण बंदिस्त वास्तू. आत आठ खांब असतात, दोन्ही बाजूंना पलंग, मध्ये दार, प्रकाश बेताचा. घरातील मोठी माणसे किंवा अविवाहित मुली येथे निजतात आणि मौल्यवान वस्तूही येथेच ठेवल्या जातात. दाराबाहेरच्या जमिनीत बाळाची वार पुरण्याची प्रथा आहे: मुलाची एका बाजूला, मुलीची दुसऱ्या बाजूला. तेथे ठेवलेल्या दगडावर रोज नैवेद्य वाहिला जातो. असा दगड दिसला तर त्यावर पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी.

पूर्वेकडील ‘बाले दांगिन’ला मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण बालीच्या बांधकामाची सारी बुद्धी तेथे उघडी दिसते. ही बाले दोन किंवा तीन बाजूंनी मोकळी असते. कानशीने दातांची टोके घासून सपाट करण्याचा संस्कार, विवाह आणि दहनापूर्वी मृतदेह ठेवणे हे सारे विधी येथेच होतात. एकाच चौथऱ्यावर माणसाचे सारे आयुष्य पार पडते, म्हणून तिचा मान मोठा. बालेची ओळख खांबांच्या संख्येवरून ठरते: चार खांबांची ‘साकापात’, सहा खांबांची ‘साकेनेम’, आठांची ‘साकुतुस’, नऊ खांबांची ‘तियांग सांगा’ आणि बारा खांबांची ‘बाले गदे’. म्हणून पाहताना प्रथम खांब मोजावेत, मग एका खांबापाशी खाली बसावे. लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला असतो. कमरेच्या खालच्या उंचीवर आडवी लाकडे खांबांच्या खाचांतून आरपार जातात आणि पाचरांनी घट्ट केलेली असतात. त्यांवर फळ्या टाकल्या की बसण्या-निजण्याचा मंच तयार होतो. मंच आणि इमारतीचा सांगाडा येथे एकच आहे: मंच खांबांना बांधून ठेवतो आणि खांब छप्पर पेलतात. लोखंडी खिळ्याची मुळात गरजच नव्हती.

मागची भिंत छपराला टेकलेली नाही, हेही येथेच तपासून पाहावे. भिंत केवळ आडोसा देते आणि छपराचे ओझे सर्वस्वी खांबांवर असते. बाली हे भूकंपप्रवण बेट आहे. 1917 साली तेथे मोठा भूकंप झाला होता. खाचा आणि पाचरांनी जोडलेला सांगाडा हलतो, पण सहजासहजी कोसळत नाही. मी या जोडणीला कोणत्याही नक्षीपेक्षा वरचे स्थान देतो.

मग मान वर करून छप्पर आतून पाहावे. बहुतेक घरांत खाली छत ठोकलेले नसते, त्यामुळे सगळे वासे शिखराकडे एकत्र येताना दिसतात. खांबांबाबत एक नियम कसोशीने पाळला जातो: झाड ज्या बाजूने उभे होते त्याच बाजूने खांब उभा करायचा, मुळाकडचा भाग खाली आणि शेंड्याकडचा वर. उलटा खांब अशुभ मानतात. घरासाठी फणसाचे लाकूड फार मानाचे असते, आणि नारळाचेही वापरतात. भिंतींसाठी लाल वीट आणि ‘पारास’ हा मऊ, करडा ज्वालामुखीय दगड, तर किनाऱ्यालगतच्या जुन्या बांधकामांत प्रवाळाचा दगडही दिसतो. विटांचे सांधे निरखून पाहावेत. जुन्या पद्धतीत दोन विटा पाणी शिंपडत एकमेकींवर घासून इतक्या चपखल बसवतात की मध्ये चुन्या-सिमेंटचा थर दिसत नाही.

मापांचा प्रश्न येथे येतो, आणि तो मला सर्वांत हृद्य वाटतो. बांधणाऱ्या स्थपतीला ‘उंडागी’ म्हणतात. तो ताडपत्रांवर लिहिलेल्या ‘अस्त कोसला कोसली’ या शास्त्राचा आधार घेतो आणि मापे घरधन्याच्या देहावरून काढतो: पसरलेल्या दोन हातांची ‘देपा’, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची ‘हस्ता’, पावलाच्या लांबीची ‘तांपाक’. प्रत्येक मापात थोडी भर घालतात. तिला ‘पंगुरिप’ म्हणतात, म्हणजे मापाला जिवंत करणारा अंश. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन घरे रचनेने सारखी असूनही प्रमाणांनी वेगळी असतात, आणि उंच माणसाचे घर सहज ओळखू येऊ शकते. दोन बालेंमधील अंतर पावलांनी मोजताना आठ देवतांच्या नावांची साखळी म्हटली जाते आणि त्या त्या वास्तूला अनुरूप देवतेवर मोजणी थांबवतात. बांधकाम पूर्ण झाल्यावर ‘मलास्पास’ विधी होतो, आणि त्यानंतरच ती वास्तू सजीव व राहण्याजोगी मानली जाते. हे शास्त्र सर्वत्र अक्षरशः एकसारखे मात्र नाही. देश-काल-पात्र पाहून त्यात फेरफार करण्याची मुभा बालीच्या परंपरेनेच दिली आहे.

पश्चिमेकडील बाले पाहुण्यांसाठी आणि कामासाठी, दक्षिणेकडे ‘पाओन’ म्हणजे स्वयंपाकघर, त्याच्या आसपास उंच खांबांवरचे भाताचे कोठार, आणि सर्वांत मागे ‘तेबा’, जेथे डुकरे, केळी, बांबू आणि कचऱ्याची जागा असते. कोठाराच्या घुमटासारख्या छपराची नक्कल आज अनेक विश्रामगृहांत दिसते, तेव्हा मूळ कोठार भेटले तर ते आवर्जून पाहावे.

प्रत्यक्ष कोठे जावे, हे थोडक्यात सांगतो. उबुडमधील अनेक कुटुंबे आपल्या आवारातच पाहुण्यांना खोल्या देतात. अशा घरात राहिल्यास सकाळच्या नैवेद्यापासून रात्रीपर्यंत प्रत्येक जागेचा वापर कळतो, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. बालीची राजधानी देनपसार येथील बाली संग्रहालय 1932 साली खुले झाले. त्यातील ताबानान, कारांगआसेम आणि बुलेलेंग या नावांच्या वास्तू त्या त्या प्रदेशांच्या शैलीत बांधलेल्या असल्यामुळे तुलना करणे सोपे जाते. राजवाड्यासाठी उबुडचा पुरी सारेन आगुंग पाहावा, आणि क्लुंगकुंगमध्ये कर्ता गोसा हे जुने न्यायदालन, जेथे छताच्या आतील बाजूवर कामासान या पारंपरिक शैलीतील चित्रे आहेत. 1908 मध्ये डचांशी झालेल्या अखेरच्या संघर्षात तेथील राजवाड्याचा बहुतांश भाग नष्ट झाला, पण ही वास्तू उरली. बांगली जिल्ह्यातील पंग्लिपुरान गावात एकसारखी प्रवेशद्वारे आणि बांबूच्या चिपांची छपरे एका चढत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसतात. तंगानानसारख्या बाली आगा, म्हणजे बेटावरील मूळ रहिवाशांच्या, गावांतील मांडणी वर सांगितलेल्या नऊ चौकोनांच्या घरांहून बरीच वेगळी आहे, म्हणून ती शेवटी पाहावी.

नव्या घरांकडे तुच्छतेने पाहू नये. सानूरमध्ये 1966 साली दहा मजली हॉटेल उघडल्यानंतरच्या काळात इमारतींना पंधरा मीटरची, म्हणजे साधारण नारळाच्या झाडाइतकी, उंचीची मर्यादा घालण्यात आली. त्या मर्यादेत शहरातील कुटुंबे आज सिमेंटची दुमजली घरे बांधतात. आवार लहान असले की अंगण आक्रसते आणि बाले एकमेकींना चिकटतात. वरच्या मजल्यावर वावरणारी माणसे देवस्थानाहून उंच जाऊ नयेत, म्हणून कित्येक घरांत देवस्थानच गच्चीवर नेलेले असते. देनपसारच्या एखाद्या अरुंद गल्लीत असे घर समोर आले तर आधी डोंगराची बाजू ठरवावी आणि मग गच्चीचा ईशान्य कोपरा पाहावा. काळ्या इजुकने शाकारलेली देवळी बहुधा तेथेच असेल.