सहा लाख की चार लाख ऐंशी? पहिली ऑफर निवडताना या चुका टाळा

मे-जून आला की ओळखीतली मुलं मोबाईलवर दोन पीडीएफ उघडून विचारतात, "काका, कुठली घेऊ?" माझं काम पगारपत्रकं करण्याचं, त्यामुळे माझी नजर आधी शेवटच्या पानावरच्या तक्त्यावर जाते. मुलं पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यातच अडकलेली असतात.

सीटीसीला सीटीसी लावून बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. समजा, पुण्याची ऑफर ६ लाखांची आहे आणि नाशिकची ४ लाख ८० हजारांची. पुण्याच्या पत्रात बेसिक महिना २५,०००. कंपनीचा पीएफचा वाटा वर्षाला ३६,०००, ग्रॅच्युइटी १४,४३०, विम्याचा हप्ता ९,५७०, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारी रक्कम) ६०,००० आणि वर्ष भरल्यावर मिळणारा रिटेन्शन बोनस ३०,०००. झाले दीड लाख, आणि यातलं काहीच महिन्याच्या पगारात येत नाही. उरलेल्या साडेचार लाखांचे महिना ३७,५००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ३४,३००.

नाशिकवाल्यांचं बेसिक २०,०००, पण पीएफ ते १५,०००च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे १२ टक्क्यांनी १,८००. व्हेरिएबल नाही, बोनस नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा मिळून वर्षाला ४०,००० बाजूला काढले, तर कपातीनंतर हातात साधारण ३४,६६७. चार लाख ऐंशीवाला पुढे! शिवाय घर नाशिकलाच असेल, तर वाकड-हिंजवडीचं भाडं, डिपॉझिट आणि मेस हे सगळंच वाचलं.

पीएफ मात्र तोट्यात धरू नका, तो तुमचाच पैसा आहे आणि पुण्यात तो जास्त साठतो. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं भरल्यावर मिळते, आणि पहिल्या कंपनीत पाच वर्षं कोण टिकतं! व्हेरिएबलबद्दल एवढंच विचारा: मागच्या वर्षी फ्रेशर्सना प्रत्यक्षात किती टक्के मिळालं? एचआर गोलमोल बोलायला लागला, तर हिशेबात शून्य धरा.

हातातला पगार सारखा निघाला, तरी कामाची चौकशी न करणं

वरचं गणित मांडलं म्हणजे नाशिकच घ्या, असं नाही. पैशाचा फरक किरकोळ निघाला की खरा प्रश्न सुरू होतो: पहिल्या वर्षी कोणाच्या हाताखाली, काय काम? ट्रेनिंगनंतर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट न देता, किती दिवस बसवतात? शिफ्ट कुठली? पोस्टिंग बदलू शकतं का? हे एचआरला विचाराच, पण त्याच कंपनीत वर्षभरापूर्वी लागलेल्या तुमच्या कॉलेजच्या सीनियरला आधी विचारा. तो खरं सांगतो.

बाँडवर डोळे झाकून सही

"बाँड कोर्टात टिकत नाही, कर बिनधास्त सही" हा कट्ट्यावरचा सल्ला धोक्याचा आहे. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. ती सरकारी बँक होती. प्रत्येक खासगी कंपनीचा बाँड तसाच टिकेल असं नाही, पण कोर्टाची पायरी पहिल्याच नोकरीत कशाला? मुदत, रक्कम आणि ती कशाबद्दल मागताहेत ते वाचा. मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगत असतील, तर स्पष्ट नाही म्हणा. मूळ प्रती दाखवायच्या, द्यायच्या फक्त झेरॉक्स.

"आजच सांगा"ला घाबरणं

एचआरने फोनवर घाई केली, तर मेल पाठवा: "ऑफरबद्दल आभार. घरी चर्चा करून शुक्रवार संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो/कळवते." तारीख दिली की बहुतेक जण थांबतात. फोनवर दिलेला शब्दही ("सहा महिन्यांनी वाढवू") मेलवर मागा. मेल येत नसेल, तर तो शब्द नव्हताच.

आणि लेटर ऑफ इंटेंट (नोकरी देण्याचा नुसता इरादा कळवणारं पत्र) म्हणजे ऑफर लेटर नव्हे. त्यात रुजू होण्याची तारीख नसेल, तर त्याच्या भरवशावर दुसरी पक्की ऑफर सोडू नका.

एकीला हो म्हटलं आणि दुसरी चांगली आली

हा फोन मला हमखास येतो. कॅम्पसमधून लागला असाल, तर आधी प्लेसमेंट ऑफिसरला भेटा. बऱ्याच कॉलेजांत "एक विद्यार्थी, एक नोकरी" असा नियम असतो. मग स्वीकारलेलं पत्र पुन्हा वाचा: जॉइनिंग बोनस घेतलाय का, बाँडवर सही झालीय का? दोन्ही नसेल, तर रुजू होण्याआधी दोन ओळींचा नकाराचा मेल बहुतेक वेळा पुरतो. दोन्हीकडे रुजू होऊन "बघू कुठं जमतं ते" मात्र करू नका. पीएफचा यूएएन (सगळ्या नोकऱ्यांसाठीचा तुमचा क्रमांक) एकच असतो, दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या की पुढच्या पडताळणीत ते दिसतं.

नकार ठरला की त्याच दिवशी कळवा. काही मुलं फोन उचलणंच बंद करतात, आणि तिकडे त्यांच्या नावाचा लॅपटॉप तयार असतो, वेटिंग लिस्टवरचं पोरगं ताटकळत असतं.