डेसोलेट, डेझर्टेड की अबँडन्ड? नेमका शब्द कसा निवडायचा

डिक्शनरीत डेसोलेट बघितला की ओसाड, उजाड, निर्जन, एकाकी असं सगळं एकदम समोर येतं आणि मग आपण डेझर्टेड, अबँडन्ड, डेसोलेट यातलं काहीही कुठेही टाकून देतो, पण तिन्ही वेगळे आहेत आणि फरक एकदा मराठीतून कळला की परत चुकत नाही.

आधी उच्चार. जोर पहिल्या 'डे'वर आणि शेवट 'लेट' नाही, हलका 'लट', म्हणजे डेसलट. उजाड करणं असं क्रियापद असेल तेव्हाच लेट.

मग मूळ. लॅटिनमध्ये सोलस म्हणजे एकटा, सोलो त्यातूनच आला आणि हाही. शब्दाच्या पोटातच एकटेपणा आहे.

आता मेन स्टेप. स्वतःला विचारा, फक्त माणसं नाहीयेत का? दुपारी दोनला बाजारपेठेत चिटपाखरू नाही आणि पाचला परत गर्दी, तर डेझर्टेड. कुणी टाकून गेलंय का? रस्त्याकडेला टायर बसलेली, धुळीने माखलेली बेवारस गाडी अबँडन्ड. आणि जागा खायला उठते का? तिथे डेसोलेट. आमचं कोकणातलं आजोळ बघा, आजी गेल्यावर मामा दर महिन्याला जाऊन झाडलोट करतो, दिवा लावतो, म्हणजे घर टाकलेलं अजिबात नाही, पण पडवीतल्या खुंटीला तिची छत्री अजून तशीच आहे आणि ती दिसली की तिथे बसवत नाही. मराठीत आपण ज्याला भकास म्हणतो ना, तेच हे.

माणूस कधी राहिलाच नाही अशा जागेलाही हा चालतो, अबँडन्ड चालत नाही कारण सोडून जायला आधी कुणीतरी असावं लागतं. १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर बझ ऑल्ड्रिन म्हणाले होते 'मॅग्निफिसंट डेसोलेशन', ते याचंच नाम.

शेवटची स्टेप, माणसांसाठी वापरताना. जवळचं कुणी गेलं आणि जीव पार सुन्न झाला तर डेसोलेट, नुसता मूड ऑफ असेल तर नको, फार मोठा शब्द आहे. आणि इथे डेझर्टेडपासून लांबच राहा, नवरा वारलेल्या बाईबद्दल 'शी वॉज डेझर्टेड' लिहिलंत तर नवऱ्याने तिला टाकलं असा अर्थ होतो.