नव्याने उभी केलेली लाकडी यॉट: पहिल्या पावसाळ्याआधी या चुका टाळा

जुनी लाकडी यॉट मिस्त्रींच्या हातून नवी होऊन पाण्यात उतरते, त्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतात आणि खर्चाचं पर्व संपलं असं मालकाला वाटतं. मुंबईत ते संपलं की नाही हे पहिला पावसाळा सरल्यावर कळतं. दुरुस्तीनंतर लवकर बिघडलेल्या बोटी पाहिल्या तर कारणं बहुतेक दोनच घरची निघतात. एक तर गोडं पाणी कुठेतरी साचू दिलेलं असतं, नाहीतर हलायला हवं असलेलं लाकूड कुणीतरी जखडून टाकलेलं असतं. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूनेच होतात, ही त्यातली गंमत.

‘सगळं सागवान आहे, काय होतंय!’

हे वाक्य विकणारा म्हणतो आणि घेणारा त्यावर निर्धास्त होतो. सागवानाची कीर्ती खोटी नाही. वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण तिची डागडुजी करायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, तो भाग सांगताना गाळला जातो. टिकाऊ असतो तो सागाचा गाभा. सालीलगतचं फिकट लाकूड इतर कुठल्याही लाकडासारखंच कुजतं. बदललेल्या फळीच्या कडेला असा फिकट पट्टा दिसला, तर रंग चढण्याआधीच मिस्त्रींना विचारा.

शिवाय बोटीत सगळंच सागवान नसतं. आतल्या बरगड्या वेगळ्या लाकडाच्या, डेकखाली कुठे प्लायवूड, आणि खिळे-स्क्रू-बोल्ट तर धातूचेच.

समुद्र नव्हे, पाऊस

लाकडी बोट खाऱ्या पाण्याने कुजत नाही, मिठाने उलट बुरशीला आळा बसतो. कुजवतं ते गोडं पाणी. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. तो बराच काळ त्याच्या वर राहिला की तिचं काम सुरू होतं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवाही ओलीच असते, त्यामुळे एकदा भिजलेला कोपरा सप्टेंबरपर्यंत सुकतच नाही.

त्यात पहिली चूक ताडपत्रीची. आगोटीला बोट जमिनीवर काढतात, निळी ताडपत्री आणतात आणि पार्सल बांधल्यासारखी करकचून आवळतात. पाऊस आत येत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नाही. जूनमध्ये बांधलेली ताडपत्री गणपतीनंतर सोडली की आतून जो वास येतो, तोच बुरशीचा. ताडपत्री मधोमध बांबूवर उंच धरा, दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि बाजूंनी बोटीला टेकू देऊ नका. आतल्या सगळ्या कपाटांची दारं उघडी, तळावरच्या फळ्या उचललेल्या, गाद्या घरी. चोरीच्या आणि कबुतरांच्या भीतीने लोक सगळं बंद करतात. भीती खरी आहे, पण तिला जाळी लावा, दार नको.

दुसरी चूक खास नव्याने केलेल्या बोटीतच दिसते. तळाशी बरगड्यांच्या खालून पाणी एका जागी वाहत यावं म्हणून लहान भोकं ठेवलेली असतात. दुरुस्तीत पडलेला भुसा, रंधा मारलेल्या ढलप्या, वाळलेल्या व्हार्निशचे पापुद्रे हे सगळं जाऊन नेमकं त्या भोकांत बसतं. मग प्रत्येक बरगडीमागे गोड्या पाण्याचं एकेक डबकं साचतं आणि पंपापर्यंत काही पोचत नाही. पंप कोरडा म्हणून मालक खूश. बोट ताब्यात घेताच पुढच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि ते मागे पंपापाशी किती वेळात येतं ते बघा. आलं नाही तर तार घालून एकेक भोक मोकळं करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवलं की होत नाही.

तिसरी चूक नळाच्या पाण्याने डेक धुण्याची. क्लबात होजपाईप हाताशी असतो, मोह होतो. सागवानी डेकला समुद्राचंच पाणी चांगलं. ते फळ्या फुगलेल्या ठेवतं आणि सांध्यांत मीठ सोडतं. मात्र अपोलो बंदराजवळचं तेलकट पाणी नको. फेरी मारून परतताना प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेरच बादल्या भरून घ्या. ब्रश मऊ घ्या आणि लाकडाच्या रेषांना आडवा फिरवा, नाहीतर रेषांमधला मऊ भाग निघून जातो आणि डेकला नाल्या पडतात. प्रेशर वॉशरचं नावही काढू नका.

कुजणं शोधायला महागडं यंत्र लागत नाही. केबिनचे कोपरे, डेकवर बसवलेल्या प्रत्येक लोखंडी-पितळी वस्तूचा पाया, डोलकाठीचा बुंधा, मागच्या फळीचे वरचे दोन्ही कोपरे आणि फळीचं जिथे जिथे कापलेलं टोक येतं ती जागा, इथे छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज अचानक बद्द झाला की टोच्या घाला. मऊ लागलं तर त्यावर पातळ इपॉक्सी ओतून ‘घट्ट’ करायचा सल्ला हमखास मिळेल. वरचा थर घट्ट होतो आणि खाली कुजणं चालूच राहतं. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा तिरपा सांधा देऊन बसवा. तिरपाईची लांबी फळीच्या जाडीच्या आठ ते बारा पट.

ऑक्टोबरच्या उन्हात सांधे भरणं

फळीला फळी भिडवून बांधलेली बोट पाण्यात असताना फळ्या फुगतात, सांध्यातली कापसाची वात दाबली जाते आणि बोट घट्ट होते. बाहेर काढली की फळ्या आकसतात. पावसाळ्यात जमिनीवर असलेल्या बोटीचं फारसं काही बिघडत नाही, कारण हवा ओली असते. पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत सांध्यांत सुरीचं पातं जाईल इतक्या फटी पडतात. रंगकाम रेंगाळलं, सुट्ट्या आल्या, दिवाळीनंतर उतरवू म्हटलं, की हे ठरलेलंच.

इथे माणूस घाबरतो आणि फटीत जे मिळेल ते भरतो: इपॉक्सी, पॉलिएस्टर पुटी, हार्डवेअरच्या दुकानातलं एखादं दगडासारखं वाळणारं सीलंट. बोट पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागाच उरत नाही. फुगणारं लाकूड ऐकत नाही. ते फळ्यांच्या कडा चिरडतं, स्क्रू ओढून काढतं, आणि अगदी टोकाला गेलं तर बरगड्या मोडतं. छिन्नी आणि मोगरीने वात वाजवीपेक्षा जोरात ठोकली तरी हाच प्रकार.

बरोबर उपाय दिसायला अगदी गावठी आहे. ओली गोणपाटं फळ्यांवर टांगा, त्यांवर खारं पाणी मारत राहा, उन्हाच्या बाजूला सावली करा. सांध्यात मऊ राहणारीच पुटी वापरा, आणि ती किंचित आत बसवा, म्हणजे लाकूड फुगल्यावर ती बाहेर येऊन पृष्ठभागाशी समतल होते. उतरवताना भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढ-उताराची भरती निवडा, कारण मोठ्या उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि ओढही जास्त असते. पहिली रात्र बोट उचलण्याच्या पट्ट्यांतच लटकत ठेवा, पंप दोन ठेवा, माणूस एक. पाणी येणारच. ते तासातासाला कमी होतंय की नाही, एवढंच बघायचं.

या सगळ्यावर कायमचा तोडगा म्हणून काही जण जुन्या बोटीवर बाहेरून फायबरग्लासचं कवच चढवतात. माझं मत स्पष्ट आहे: हलणाऱ्या फळ्यांच्या बोटीवर ते करू नये. फळ्या हलतात, कवच हलत नाही, ते कुठेतरी सुटतं आणि मधल्या पोकळीत पाणी अडकतं. पाच वर्षांनी कवच काढायला जाल तेव्हा त्याबरोबर लाकूडही निघेल.

गळती कधी होते ते आधी बघा

‘पाणी येतंय’ म्हटलं की लोक सगळे सांधे उकरायला निघतात. थांबा. तळातलं पाणी गोडं की खारं हे आधी ठरवा. मुंबई बंदरातलं पाणी जिभेवर ठेवायला मी सांगणार नाही, साबण चोळून बघा. चांगला फेस आला तर ते पावसाचं किंवा पिण्याच्या टाकीचं, म्हणजे दोष वर आहे, बुडाला हात लावायचं कारण नाही.

खारं असेल तर वेळ बघा. नुसती नांगरलेली असताना येत असेल तर पाण्याखालचा सांधा किंवा एखादा वॉल्व्ह. इंजिन चालवल्यावर वाढत असेल तर पंख्याच्या दांड्याचा ग्लँड, म्हणजे दांडा बुडातून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं बूच, आणि तो आवळण्याआधी लक्षात ठेवा की जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून मिनिटाला एखाद-दोन थेंब पडायलाच हवेत. पूर्ण कोरडा केला तर दांडा तापतो आणि झिजतो. शीड चढवल्यावर, बोट एकाच अंगाला कलली असताना येत असेल तर त्या अंगाच्या वरच्या फळ्या उन्हाने वाळल्या आहेत. दोन-चार फेऱ्यांत त्या फुगतील. पण दोन्ही अंगांना, वारा वाढेल तसं येत असेल, तर डोलकाठी जिथे बसते तिथे बघा.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा फायबरच्या रेसिंग बोटीसारख्या ताणल्या की डोलकाठी वरून तळाला दाबते, त्याच तारा बोटीच्या कुशी वर ओढतात, आणि कीललगतचा, म्हणजे बोटीच्या तळकण्यालगतचा, पहिला सांधा उघडतो. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्डसारख्या लहान लाकडी बोटी या बंदरात पिढ्यान्पिढ्या शर्यती धावल्या, त्या तारा गिटारसारख्या वाजवून नव्हे. वाऱ्यात कलल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध अंगाची तार थोडी सैल दिसली तर दिसू द्या.

ऑटोमॅटिक पंप ही सोय आहे तशीच फसवणूकही. तो गळती लपवतो. पंप किती वेळा सुरू झाला हे मोजणारा छोटा काउंटर शंभर ठिकाणी मिळतो, तो बसवा आणि आकडा वहीत लिहा. बॅटरी पावसाळी ढगांखाली सौर पॅनेलवर सोडून गावाला जाऊ नका.

धातूंची खिचडी

नव्या बोटीत हे उशिरा कळतं, म्हणून जास्त महाग पडतं. नागदेवी स्ट्रीटवर चमकणारा पितळी स्क्रू केबिनच्या आतल्या बिजागरीला ठीक आहे. पाण्याखाली त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, स्पंजासारखं तांबं उरतं, जे चिमटीत तुटतं. स्टेनलेस स्टीलला तकाकी टिकवायला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात बुडालेल्या बोल्टला तो मिळत नाही, म्हणून डोकं लखलखीत आणि आतला दांडा खाल्लेला असा बोल्ट निघतो. पाण्याखाली सिलिकॉन ब्राँझ किंवा तांब्याचे रिव्हेट. मूळ बोट गॅल्व्हनाइज्ड लोखंडात बांधलेली असेल तर तिथे तेच. दारूखान्याच्या भंगार बाजारातून स्वस्तात आणलेला बोल्ट कुठल्या मिश्रधातूचा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कीलचे बोल्ट दर काही वर्षांनी एखादा तरी उपसून बघावा लागतो, वरून नट टणक दिसतो म्हणून भागत नाही.

आणि झिंक, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजावा म्हणून पाण्याखाली लावलेला जस्ताचा तुकडा. एक झिंक चांगलं तर चार आणखी चांगली, हा हिशेब लाकडी बोटीत उलटा पडतो. जास्त झिंक लावली की संरक्षण मिळणाऱ्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि ती आजूबाजूचं लाकूड मऊ, धागेदार करते. वॉल्व्हभोवती पांढरी पूड आणि लोकरीसारखं सुटलेलं लाकूड दिसलं तर झिंक वाढवू नका, कमी करा.

ठोकळ्यांखालची जागा

जमिनीवर बोटीचं सगळं वजन कीलवर, ठोकळ्यांवर असलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त कलू नये म्हणून. पुढचं-मागचं टोक अधांतरी राहिलं तर ते चार महिन्यांत खाली झुकतं. केबिनचं दार अचानक लागेनासं झालं तर रंधा घेऊ नका, आधी ठोकळे तपासा.

त्या ठोकळ्यांखाली ब्रश पोचत नाही, म्हणून तळाचा, समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून लावायचा अँटीफाउलिंग रंग तिथे लागतच नाही. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याला, म्हणजे टेरेडोला, तेवढी जागा पुरते. तो खरं तर शिंपल्याच्या कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिल्लू असताना शिरतो आणि आतल्या आत वाढतो, बाहेरून काही दिसत नाही. सागवानाला त्याचा त्रास कमी होतो, पण कीलची खालची पट्टी बहुधा सागाची नसते. बोट उचलण्याच्या पट्ट्यांत आली की ती थोडा वेळ तशीच लटकवा, ठोकळ्यांच्या खुणा रंगवा, मग सोडा. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात तांब्याचं विष असतं, पाणी मारून घासा आणि मास्क लावा.

राहिला वरचा रंग. नेव्ही ब्लू रंगाची बोट फोटोत देखणी दिसते, पण मुंबईच्या उन्हात गडद फळ्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात आणि प्रत्येक सांधा रंगातून उमटतो. व्हार्निशसाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ, दव सुकल्यावर, दुपारच्या आत. उघड्या लाकडाला जवसाचं तेल चोळलंत तर जुलैपर्यंत ते काळं पडेल.