पांढरी गाडी धुऊन-पुसूनही चमकत नाही? या चुका टाळा

आमच्या पार्किंगमध्ये माझी पांढरी गाडी आणि शेजाऱ्यांची काळी गाडी लागून उभ्या असतात. एका रविवारी आम्ही दोघांनी एकाच डब्यातलं वॅक्स लावलं. त्यांच्या बोनेटमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरचे कपडे मोजता येत होते. माझी गाडी मात्र होती तशीच दिसत होती. त्या दिवसापासून हलक्या रंगाच्या गाडीची चमक नेमकी येते कुठून, याच्या मागे लागलो.

रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, त्यावर समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच आरशासारखा परत येतो. काळ्या गाडीवर तेवढाच आणि पांढऱ्या गाडीवरही तेवढाच. काळ्या रंगाखालून दुसरा उजेड फारसा येतच नाही, म्हणून तिथे प्रतिबिंब उठून दिसतं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते पडलेला बहुतेक उजेड चहूबाजूंना परत फेकतं आणि त्या लख्खपणात प्रतिबिंब बुडून जातं, दिवसा चांदण्या दिसत नाहीत तसं. म्हणून पांढऱ्या, चंदेरी किंवा फिक्या गाडीवर वॅक्सचे थर वाढवून फारसा फरक पडत नाही. क्लिअर कोट किती स्वच्छ आणि किती सपाट आहे, यावरच सगळं ठरतं. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच येतात.

धुतली की लगेच वॅक्स

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. गाडी धुवा, वाळवा आणि हातात दुकानातली पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून वाळूच्या कागदासारखा लागेल. मग डिकीच्या दाराजवळ खाली वाकून बघा. टाचणीच्या टोकाएवढे केशरी ठिपके दिसतील. ते रंगाचे डाग नव्हेत. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण क्लिअर कोटला चिकटतात आणि तिथेच गंजतात. रेल्वेमार्गाजवळ किंवा फॅब्रिकेशनच्या शेडजवळ गाडी उभी राहत असेल तर ते जास्त असतात. काळ्या गाडीवरही ते बसतातच, फक्त दिसत नाहीत.

शाम्पूने ते निघत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. गार पत्र्यावर, सावलीत फवारायचं. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळे ओघळ उतरायला लागतात, आणि वास सडक्या अंड्यासारखा येतो. पांढऱ्या दारावरून उतरणारे ते जांभळे ओघळ एकदा पाहिले की गाडी स्वच्छ आहे हा समज कायमचा जातो. हातमोजे घाला, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा.

डांबराचे काळे ठिपके त्याआधी काढायचे, टार रिमूव्हरने. आपल्याकडे रॉकेलचं फडकं फिरवायची सवय आहे. डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि दाराच्या रबरांचंही नुकसान होतं.

शेवटी क्ले बार, म्हणजे पत्र्यावर चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवायचा, क्ले चपटा करून अजिबात न दाबता सरळ रेषेत फिरवायचा आणि मळला की घडी घालून नवी बाजू वर घ्यायची. खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या, कितीही नवा असला तरी. त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो. एवढं झाल्यावर पिशवीची परीक्षा पुन्हा घ्या. माझ्या गाडीला अर्धी चमक इथेच आली, वॅक्सचा डबा उघडण्याआधी.

‘पांढऱ्यावर ओरखडे दिसत नाहीत’

दिसत नाहीत, पण असतात, आणि गाडी मंद दिसते ती त्यांच्यामुळेच. संध्याकाळी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च पत्र्याजवळ धरून तिरका बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्यातल्या बऱ्याचशा रोजच्या कोरड्या पुसण्यातून आलेल्या असतात. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या भाऊंना एका बादलीत कितीतरी गाड्या उरकायच्या असतात, त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. मी माझी वेगळी बादली आणि दोन मायक्रोफायबरची फडकी देऊन ठेवली आहेत, आणि धूळ जास्त असेल त्या दिवशी फक्त काचा पुसा असं सांगितलं आहे. ही एक गोष्ट महागड्या पॉलिशपेक्षा जास्त उपयोगी पडली.

ओरखडे काढायचे तर पॉलिश हवं. पण ते क्लिअर कोटच थोडा घासून काढतं, म्हणून इथे हात आखडता ठेवा. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. दरवर्षी रबिंग कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, मारत राहिलात तर तो संपतो, आणि पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय राहत नाही. एका ठिकाणी माझ्या आधीच्या चंदेरी गाडीवर रोटरी मशीन, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारं पॉलिशचं यंत्र, फिरवलं होतं. ट्यूबलाइटखाली गाडी झकास दिसली. रस्त्यावर उन्हात आली तेव्हा डिकीवर मशीनच्या फेऱ्यांचे लाटांसारखे पट्टे हलताना दिसले. म्हणून काम कोणीही करो, गाडी उन्हात बघूनच ताब्यात घ्या. स्वतः करणार असाल तर ड्युअल अॅक्शन मशीन घ्या, ते फिरता फिरता हलतंही, म्हणून असे पट्टे सहसा पडत नाहीत, आणि आधी हातभर जागेवर करून बघा.

एक खास सूचना. काही गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगावर, विशेषतः जुन्या गाड्यांत, क्लिअर कोट नसतोच. हे ओळखायला काळ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर खडूसारखा पांढरा रंग उतरला तर तुम्ही थेट रंगच घासताय. पांढऱ्या फडक्याने ही परीक्षा होत नाही.

बोअरचं पाणी वाळू देणं

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात धुतलेल्या गाडीवर पाणी उडून जातं आणि क्षारांची गोल कडी मागे राहतात. पांढऱ्या रंगावर ती समोरून दिसत नाहीत, तिरकं बघितलं की राखाडी झाक दिसते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा, एकेक भाग धुऊन लगेच टिपून घ्या. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून गार पत्र्यावर मिनिटभर लावलं की निघतात, नंतर नीट धुवा. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात, ते पॉलिशशिवाय जात नाहीत.

हळदीकुंकू कोरडं घासणं

दसऱ्याला आपण बोनेटवर स्वस्तिक काढतो, झेंडूचा हार घालतो. तो आनंद कमी करायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच कुंकू कोरड्या फडक्याने घासलं जातं, तेव्हा त्यातले कण रेघा पाडतात. कपड्यांच्या साबणाने हळद धुतली तर ती लाल होते, कारण अल्कधर्मी पाण्यात हळदीचा रंग बदलतो, आणि लोक घाबरून आणखी जोरात घासतात. आधी भरपूर पाणी ओता, मग गाडीच्या शाम्पूने हलक्या हाताने धुवा. हळदीची पिवळी झाक उरली तर राहू द्या, उन्हात ती आपोआप फिकी पडते. कुंकवातला रंग मात्र हट्टी असतो. त्यासाठी सणाच्या आठवडाभर आधी वॅक्स लावून ठेवा, म्हणजे तो रंगापर्यंत पोचत नाही.

जाड वॅक्स

पांढऱ्या पत्र्यावर लावलेलं वॅक्स दिसत नाही, म्हणून माणूस लावतच राहतो. मग ते पुसलं जात नाही आणि त्यावर धूळ बसते. एका वेळी एकच भाग घ्या, पातळ लावा, बोट फिरवून वाळल्याची खात्री करा आणि गडद फडक्याने पुसा, म्हणजे किती निघतंय ते कळेल. मला पांढऱ्यावर कार्नौबापेक्षा, म्हणजे ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या नैसर्गिक वॅक्सपेक्षा, सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम वॅक्स, आवडतं. त्याने पत्रा काचेसारखा दिसतो आणि ते टिकतंही जास्त. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पत्र्यावर घट्ट बसणारा टिकाऊ थर, करायचं असेल तर वरची सगळी सफाई आधीच झालेली हवी, नाहीतर केशरी ठिपके त्याखाली बंद होतील.

काळे भाग विसरणं

पांढऱ्या गाडीचा पांढरेपणा आजूबाजूच्या काळ्या रंगामुळे खुलतो. बंपरचं प्लॅस्टिक करडं पडलं असेल, टायर मातकट असतील, तर बोनेट कितीही घासा, गाडी मळकीच वाटते. प्लॅस्टिकवर वॅक्स सांडू देऊ नका, वाळल्यावर त्याचे पांढरे डाग पडतात. लावण्याआधी तिथे मास्किंग टेप लावा. आरशाखाली आणि दारांच्या हँडलखाली जे काळे ओघळ येतात, ते फटीत साठलेल्या मळाचे असतात. जुन्या मऊ ब्रशने शाम्पू लावून आरसा दोन्ही बाजूंना दुमडा, फटीत पाणी मारा आणि पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत मारत राहा. कोकणात किंवा कोल्हापूरकडे तांबड्या मातीत फिरून आलात तर हेच पेट्रोलच्या झाकणाच्या आत आणि डिकीच्या रबराखालीही करा. तिथली माती पुढच्या पावसात बाहेर येते आणि अख्ख्या मागच्या बाजूवर तांबडे पट्टे ओढते.