अंगतपंगतीची उन्हाळी कोशिंबीर : या चुका टाळा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कोकणात अंगतपंगतीचे बेत ठरू लागतात आणि पदार्थांची वाटणी होताना ज्याला स्वयंपाकाचा फारसा सराव नाही, त्याच्याकडे हमखास कोशिंबीर सोपवली जाते. प्रत्यक्षात सगळ्या पंगतीत सर्वांत लवकर बिघडणारा पदार्थ तोच असतो. घरी दहा वाजता कालवलेली कोशिंबीर दीड वाजता पानात पडते तेव्हा ती पाण्यात तरंगत असते, तिचा कांदा उग्र झालेला असतो आणि दही आंबलेले असते. यात दोष बहुधा कृतीचा नसतो. कालवणे आणि वाढणे यांत गेलेल्या वेळेचा असतो. म्हणून घरी केवळ तयारी करावी आणि कोशिंबीर पंगतीच्या जागी कालवावी.

पाणी सुटण्याची तक्रार सर्वांत मोठी आहे. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि मीठ लागताच ते बाहेर येऊ लागते. साखरेनेही तेच होते. त्यामुळे एक तर मीठ अगदी शेवटी घालावे, किंवा पदार्थ लांब न्यायचा असल्यास चिरलेल्या काकडीला आधीच थोडे मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे चाळणीत ठेवावी आणि हलक्या हाताने पिळून घ्यावी. दुसऱ्या पद्धतीत नंतर पुन्हा नेहमीच्या मापाने मीठ घातले, तर कोशिंबीर खारट होते, हे लक्षात ठेवावे. काकडी किसणे ही त्याहून मोठी चूक आहे. किसल्याने तिचा लगदा होतो, तर चोचवून (सुरीने उभ्या-आडव्या चिरा पाडून) बारीक कापलेली काकडी आपला कुरकुरीतपणा बराच वेळ टिकवते. वीस-पंचवीस माणसांची काकडी चोचवण्यास वेळ लागतो हे खरे, पण खमंग काकडीची सारी चव त्या कष्टांतच आहे. दाण्याचे कूट पाणी शोषून घेते खरे, मात्र ते आधीपासून घालून ठेवल्यास फुगते आणि कोशिंबीर चिकट होते. तेही कोरडेच वेगळ्या डब्यातून न्यावे.

आठवडा बाजारात काकडी घेताना कोवळी, घट्ट आणि मध्यम आकाराची निवडावी. जून काकडीच्या बिया काढाव्या लागतात. प्रत्येक काकडीचा तुकडा चाखल्याशिवाय ती इतरांत मिसळू नये. देठाकडचा भाग कापून घासण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु जी काकडी मुळातच कडू आहे ती घासून गोड होत नाही, आणि एका कडू काकडीने सगळे पातेले वाया जाते. दही किंवा साखर घालून तो कडूपणा झाकण्याचा प्रयत्नही करू नये. अशी काकडी टाकून द्यावी.

कांदा शक्य तर अलिबागचा पांढरा घ्यावा. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा चवीला गोडसर आणि कमी तिखट असल्याने कच्चा खाण्यास उत्तम असतो. तोही आदल्या रात्री चिरून ठेवू नये. एखाद्याला कांदा चालत नसेल, तर तो वेगळा ठेवल्याचा दुहेरी फायदा होतो. ओल्या काजूचे गर मिळाले, तर सोलताना हाताला तेल लावावे, कारण टरफलातील चीक कातडी भाजतो. सोललेले गर कोमट पाण्यात भिजवून वरचे साल काढावे आणि थोडे उकडून, पूर्ण गार करूनच कोशिंबिरीत घालावेत.

आंबटाच्या बाबतीत हौस आवरावी. दही, कैरी, लिंबू आणि कोकमाचे आगळ हे सारे एकाच पातेल्यात आले की कशाचीच चव लागत नाही. एका कोशिंबिरीत एकच आंबट पुरेसे होते. आगळ मुळात खारवलेले असते, त्यामुळे ते घातल्यावर चव घेऊनच मीठ घालावे. कोणतीही आंबट कोशिंबीर कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, ती कळकते. स्टीलचा डबा चांगला. दही असल्यास ते अर्धा तास फडक्यात टांगून पाणी काढावे आणि थंडगार स्थितीतच वेगळे न्यावे.

फोडणीचीही एक गंमत आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे अशी फोडणी दिलेली कोशिंबीर फ्रिजमध्ये ठेवली की वर पांढऱ्या कण्या दिसू लागतात आणि खाणाऱ्यांना पदार्थ बिघडल्याचा संशय येतो. फोडणी छोट्या डबीत वेगळी न्यावी, किंवा शेंगदाण्याचे तेल वापरावे. गरम फोडणी मात्र थंड काकडीवर ओतू नये.

खरी सावधगिरी ओल्या खोबऱ्याबाबत हवी. दमट उकाड्यात खवलेला नारळ लवकर आंबतो आणि दह्याच्या आंबटपणात ते लक्षातही येत नाही. निघण्याच्या थोडे आधी नारळ खवावा आणि बर्फावर ठेवलेल्या डब्यात न्यावा. नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एक तासच, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. कोकणातल्या मे महिन्यात हा एक तासच धरावा. काकडी चिरण्यापूर्वी अख्खीच थंड करून घेतल्यास तिचा गारवा अधिक टिकतो.

एवढे करूनही पाणी सुटले, तर पातेले तिरके करून पाणी काढावे आणि मग कूट मिसळावे. ते पाणी मठ्ठ्यात घालता येते. खारट झाली, तर बिनमिठाची काकडी वाढवावी. साखर घालून खारटपणा जात नाही. फार आंबट झाली, तर ताजे खोबरे उपयोगी पडते. वास बदललेला वाटला, तर मात्र कोणताही उपाय करत बसू नये.

प्रमाणाबाबत एक सूचना करावीशी वाटते. कोशिंबीर पानाच्या डाव्या बाजूला थोडीशी वाढली जाते, म्हणून वीस-पंचवीस माणसांना दीड-दोन किलो काकडी पुरते. दही-खोबरे घातलेली उरलेली कोशिंबीर परत घरी नेऊ नये. न कालवलेली काकडी राहिली असेल, तर तांदळाच्या पिठात तिची संध्याकाळी घावने होतात.