वेबरच्या चार कृती पाठ करू नका, हर्णैला जाऊन बघा

टीवायला सोशिऑलॉजी घेतलेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या चार सामाजिक कृती, म्हणजे दुसऱ्या माणसाला धरून केलेल्या वागण्याचे चार प्रकार, धडाधड म्हणून दाखवतात, पण उदाहरण विचारलं की गप्प. तर पुस्तक घरी ठेवा, वही-पेन घ्या आणि दापोलीहून एसटी पकडून हर्णै बंदरावर जा, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला.

आधी सामाजिक कृती कुठली आणि कुठली नाही ते वेगळं करायचं. वेबरचं उदाहरण कोकणातल्या माणसाला लगेच पटतं बघा, पाऊस आला आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या तर ती सामाजिक कृती नाही, कारण जो तो पावसाकडे बघून छत्री उघडतोय, दुसऱ्या माणसाकडे बघून नाही. दोन सायकली धडकल्या तर ती नुसती घटना, पण धडक चुकवायला हँडल वळवणं, नंतरची शिवीगाळ किंवा समजूत, ही सामाजिक कृती.

आता एकच मासेवाली निवडा आणि तासभर तिच्याकडेच लक्ष ठेवा. बोली लावताना ती बर्फाचा खर्च, टेम्पोचं भाडं, उद्या बाजारात काय भाव मिळेल हे सगळं मनात धरते, ही साध्य-साधनाचा हिशोब असलेली कृती. भवानीची नोट कपाळाला लावते, ती पारंपरिक. भाव पाडला म्हणून कुणावर तरी डाफरते, ती भावनिक. मूल्याला धरून केलेली कृती बाजारात पटकन दिसत नाही, त्यासाठी खलाशांना विचारा की समुद्रात दुसऱ्याची बोट बंद पडली तर काय करता, स्वतःचं डिझेल आणि दिवस घालवून ओढून का आणता. उत्तर त्यांच्याच शब्दात लिहा, कारण करणाऱ्याच्या मनातला अर्थ समजून घेणं हाच वेबरचा सगळा भर आहे, बाहेरून बघून "अंधश्रद्धा" असा शिक्का मारलात तर पुढचं काहीच कळणार नाही. आणि ठरलेल्या गिऱ्हाइकाला दोन बांगडे जास्त टाकते ते कशात घालायचं? सवय, माया की गिऱ्हाईक तुटू नये म्हणून? तिन्ही असू शकतं. हे शुद्ध नमुने आहेत, प्रत्यक्षात मिसळलेलेच सापडतात, असं वेबर स्वतःच सांगतो.

आधुनिक समाज कसा आला हा मोठा प्रश्न पण इथेच पकडता येतो. पूर्वी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या बाहेर पडायच्या. नंतर यांत्रिक बोटींना जून-जुलैची मासेमारी बंदी आली, तारीख सरकार ठरवायला लागलं. 2023 ला अधिक श्रावणामुळे पौर्णिमा गेली थेट 30 ऑगस्टला आणि बंदी संपली 31 जुलैला. मधला महिना बोट उभी ठेवायची का? कर्जाचा हप्ता, खलाशांचा खर्च, हे सगळं त्या निर्णयात येतं. बोट कायद्याच्या तारखेला निघाली तरी नारळ पौर्णिमेलाच वाहिला जातो, म्हणून "परंपरा गेली, आधुनिकता आली" असं उत्तरात लिहू नका, वजन कुठून कुठे सरकलं ते लिहा. 1904-05 च्या प्रोटेस्टंट नीतीवरच्या लेखनात वेबरने तर धर्मातूनच आलेली कामाची शिस्त भांडवलशाहीला कशी पोषक ठरली ते दाखवलंय.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा श्रमविभागणीवरचा 1893 चा ग्रंथ सिलॅबसमध्ये असेल तर त्याच बंदरावर बर्फवाला, डिझेलवाला, इंजिन मेकॅनिक आणि व्यापारी मोजा, एक नसला तर कोणाचं काय अडतं ते लिहा, सेंद्रिय एकात्मता, म्हणजे कामं वेगवेगळी म्हणूनच एकमेकांवर अवलंबून असलेल्या माणसांची एकी, तेवढ्यात कळते.

फक्त लिलाव चालू असताना मध्ये तोंड घालू नका, तिथे एका मिनिटात पैसे जातात. लिलाव आटोपला, बायका मासळी निवडायला बसल्या की आधी थोडी मासळी विकत घ्या, शेजारी बसा आणि मग विचारा.