रक्ताच्या आजारांवर रिसर्च करायचाय? मुंबईत सुरुवात अशी करा

रक्तावरचं आणि इम्युनिटीवरचं संशोधन म्हणजे फक्त डॉक्टरांचं काम असं खूप मुलामुलींना वाटतं आणि नीटला नंबर लागला नाही की ते हा विषयच सोडून देतात, म्हणून आधी सांगते, तसं अजिबात नाहीये. एमबीबीएस करून पॅथॉलॉजी किंवा ट्रान्सफ्युजन मेडिसिनमध्ये एमडी ही एक वाट झाली, पण मायक्रो, बायोटेक, बायोकेम, लाईफ सायन्स यात एमएस्सी करून पीएचडीला लागलेले लोकही याच लॅबमध्ये शेजारी बसून काम करतात.

मुंबईत असाल तर परळ लक्षात ठेवा. केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे, १९५७ साली ती ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झाली. आता तिथे थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, जन्मजात इम्युनिटीचे आजार अशा सगळ्यावर काम चालतं. कॅन्सरकडे ओढा असेल तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र बघा. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या भारतातल्या पहिल्या कार-टी थेरपीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, बदलून परत द्यायच्या, हे आता आपल्या शहरात होतंय, आणि त्यासाठी हाताने काम येणारी माणसं लागतात.

हाताने काम येणं हे मी मुद्दाम म्हणतेय. परीक्षा पास होणारे पुष्कळ असतात, सॅम्पल नीट सांभाळणारे कमी. जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डीएनएसाठी, निळ्या टोपीची सायट्रेट गोठण्याच्या टेस्टसाठी, तिच्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावंच लागतं, ट्यूब अर्धवट भरली की रक्त गोठायला उगाच जास्त वेळ लागल्यासारखं दिसतं आणि धडधाकट माणसाच्या मागे रक्तस्रावाच्या आजाराचा संशय लागतो. डीएचआर टेस्टचंही तसंच, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात इम्युनिटीच्या आजारात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, हा बिघाड या टेस्टमध्ये फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या मशीनवर) दिसतो, पण न्यूट्रोफिल फार काळ टिकत नाहीत म्हणून हिरव्या टोपीच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त लवकर पोचवायचं आणि सोबत एका निरोगी माणसाचं सॅम्पलही पाठवायचं, म्हणजे बिघाड प्रवासात झाला की मुळातच होता ते समजतं.

बॉम्बे ब्लड ग्रुपची गोष्ट तर या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटिजेनच (ए आणि बी ज्यावर तयार होतात तो पायाच) नसतो, त्यामुळे साध्या टेस्टमध्ये ते ओ ग्रुपचे दिसतात, पण त्यांच्या सीरममध्ये अँटी-एच (एचविरुद्धची अँटीबॉडी) असल्यामुळे ओ चं रक्त दिलं तर जीवावर बेततं. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे पेशंटचं सीरम माहीत असलेल्या ग्रुपच्या पेशींशी तपासताना, ओ पेशी लावल्या की गुठळ्या दिसतात आणि तिथेच पकडता येतं. माझ्या मते जुळत नसलेला रिझल्ट "मशीनचा घोळ असेल" म्हणून सोडून न देणं हीच या कामातली सगळ्यात मोठी सवय आहे.

पैशाचं थोडक्यात. आयसीएमआर, सीएसआयआर किंवा डीबीटी या सरकारी संस्थांची जेआरएफ (पीएचडीसाठीची ज्युनिअर फेलोशिप) काढा, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. परळजवळ खोली परवडणार नाही, डोंबिवली-कल्याणकडून ये-जा करणारे बरेच आहेत. एमबीबीएसवाल्यांनी शिकता शिकताच आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस (विद्यार्थ्यांसाठीचा छोटा संशोधन प्रकल्प) करावी.

गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. त्या लॅबमध्ये पेशंट कुठून येतात, ओपीडीशी संबंध आहे का, आधीच्या मुलांची पीएचडी किती वर्षांत झाली, पेपरवर त्यांचं नाव पहिलं आलं का, हे त्या मुलांनाच कॅन्टीनमध्ये भेटून विचारा, ती खरं सांगतात. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो आणि दुर्मिळ आजाराचे पेशंट जमायला त्याहून जास्त, म्हणून ज्यांच्याकडे जुनी सॅम्पल नीट नोंदींसकट साठवलेली आहेत तिथे काम लवकर सुरू होतं.

मेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट" वगैरे नको. त्यांचा एक पेपर खरंच वाचा, त्यातला एक प्रश्न विचारा, सहा महिन्यांचं डेझर्टेशन करायचंय असं सरळ लिहा आणि मार्कशीट जोडा. एमएस्सीचं पहिलं वर्ष संपायच्या आत पाठवा, जागा मोजक्याच असतात, आणि उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी परत पाठवा.